डोक्यावरचं काम

लोकरीच्या स्वेटरच्या आत, बगलेखालच्या शिवणीत, एक बोटभर पट्टी असते. गरम पाण्यात घालू नका. चोळू नका. पिळू नका. मशीनमध्ये टाकू नका. आपण ती पट्टी टोचते म्हणून कापून टाकतो. फेल्ट करणारी माणसं मात्र ती लक्ष देऊन वाचतात आणि प्रत्येक कलमातला ‘नका’ तेवढा गाळून कामाला लागतात. लोकर कढत पाण्यात भिजवायची, साबण चोपडायचा, चोळायची, चटईत गुंडाळून रगडायची आणि शेवटी शेवटी ओट्यावर आपटायची. बाकीची कापडं कातणं, ताणा लावणं, विणणं अशा सभ्य मार्गाने जन्माला येतात. फेल्ट निव्वळ हालअपेष्टांतून तयार होतं आणि जितके हाल करावेत तितकं पक्कं होतं.

माझी भाची हे काम करते. फेल्ट, टोप्या आणि नाटकांचे कपडे. कार्डावर ती ‘टेक्स्टाइल आर्टिस्ट’ असं छापते. नातेवाइकांना काय सांगायचं हा प्रश्न ताईने आपल्या परीने सोडवला आहे. कुणी विचारलं की ती म्हणते, “कापडाच्या लाइनीत आहे.” त्यामुळे निम्म्या गोतावळ्याची समजूत अशी, की पोरगी लक्ष्मी रोडवर साड्या दाखवते. लग्नसराई जवळ आली की काकवांचे फोन येतात. काठपदरात काय आलंय, घरच्या माणसांना किती कमी करतात वगैरे. भाचीने सुरुवातीला प्रत्येकीला फेल्ट समजावून सांगितलं. हल्ली ती म्हणते, “काकू, नवा माल आला की कळवते.”

एकदा मी गच्चीवरच्या तिच्या खोलीत बसून एक टोपी पहिल्यापासून शेवटपर्यंत होताना पाहिली. टेबलावर तिने प्लास्टिकचा एक जाड तुकडा ठेवला, देवळातल्या घंटेच्या आकाराचा कापलेला. त्यावर लोकरीचे पुंजके चिमटीने ओढून पसरले. पहिला थर आडवा, त्यावर दुसरा उभा, पुन्हा आडवा. इतके पातळ, की मी शिंकलो तेव्हा तिने मला खुर्चीसकट दारापाशी नेऊन बसवलं. वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर साबणाचं गरम पाणी, आणि मग दोन्ही तळव्यांनी अगदी हलक्या हाताने गोल गोल फिरवणं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना माणूस इतका जपत नसेल. दुसऱ्या बाजूनेही तेच. बराच वेळ काहीच घडत नाही. मग तिने एक पुंजका चिमटीत धरून उचलला, तर सगळा थर एकसंध वर आला. “धरलं,” ती म्हणाली. मग एकदम तिचा नूर पालटला. सगळं चटईत गुंडाळलं, दोऱ्या आवळल्या आणि ती कोपरापासून मनगटापर्यंतचा जोर लावून चटई लाटायला लागली. एका दिशेने पुष्कळदा, मग उलगडून, फिरवून दुसऱ्या दिशेने. शेवटी आतलं प्लास्टिक काढून टाकलं आणि जे काही उरलं होतं ते ओट्यावर धपाधप आपटलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, “कुणाला मारतंय का कोण?”

या मारहाणीमागे शास्त्र आहे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. गरम पाणी आणि साबण लागला की तंतू मऊ होतो, खवले उमलतात, आणि घासलं की तो आपल्या मुळाच्या दिशेने सरकतो. मागे मात्र येऊ शकत नाही, खवले अडवतात. सुट्टीच्या दिवशी स्वारगेटला एसटीत शिरलेल्या माणसासारखी त्याची गत होते: लोक ढकलतील तसं आत आत जायचं, बाहेर यायचा रस्ता बंद, आणि थोड्या वेळाने कुणाचा हात कुणाच्या पिशवीच्या बंदात अडकलाय हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. फेल्टमध्ये शिवण नसते, टाका नसतो, डिंक नसतो. नुसती गर्दी असते. आणि गर्दी म्हटल्यावर आकसणं आलंच. लोकर पसरते तेव्हाच्या आकाराचा तिसरा हिस्सा तरी सहज जातो, रगडलं तसा त्याहून जास्त. म्हणून एका माणसाच्या टोपीची सुरुवात फार मोठी करावी लागते. टेबलावरचा पहिला आकार पाहून मला वाटलं, ऑर्डर गणपती मंडळाची असावी.

त्यानंतर ती ओली पिशवी लाकडी ठोकळ्यावर चढते. हा ठोकळा म्हणजे मान नसलेलं लाकडी डोकं. भाचीकडे असली डोकी फळीवर ओळीने मांडून ठेवली आहेत, प्रत्येकावर खडूने माप लिहिलेलं. वाफ द्यायची, ओढायची, दोरीने घेर आवळायचा, सुकू द्यायचं. गिऱ्हाइकाचं माप घेणं हे त्यातलं सर्वांत नाजूक काम. कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या जरा वरून टेप फिरवली की झालं, साधारण 54 ते 60 सेंटिमीटरमध्ये बहुतेकांचं भागतं. पण कंबरेचा घेर मोजताना माणूस जसा श्वास आत ओढून घेतो, तसा डोक्याचा मोजताना काही ओढून घेता येत नाही, आणि इथे लोकांना आकडा कमी नको असतो, जास्त हवा असतो. डोक्याच्या मापाचा आणि बुद्धीचा संबंध आहे ही समजूत सुशिक्षितांत फार. एका निवृत्त प्राध्यापकांना भाचीने ‘पंचावन्न’ सांगितलं, तर ते म्हणाले, “टेप जरा जुनी दिसते.” त्यांच्या सौभाग्यवतींचं अठ्ठावन्न भरलं. त्या दिवशी टोपीची ऑर्डर रद्द झाली.

फेल्ट आपल्या आयुष्यात कुठे नसतं असं नाही, पण ते नाव सांगत नाही. बोळातल्या क्रिकेटचा टेनिस बॉल आठवा. त्यावरचं केसाळ कातडं एका बाजूने सोललं की बॉल आपोआप स्विंग व्हायचा, ते फेल्ट. पेटीच्या पट्टीवर बोट आपटलं तरी लाकडाचा टकटकाट ऐकू येत नाही, कारण खाली फेल्टची पट्टी असते. जाड मार्कर पेनाचं टोकही पूर्वी याचंच असे. शाळेच्या हस्तकलेसाठी स्टेशनरीच्या दुकानात रंगीत चौकोन मिळतात, त्यांनाही फेल्टच म्हणतात, पण ते बहुतेक पॉलिएस्टरचे. दातेरी सुया टोचून टोचून यंत्रावर केलेले. ते चौकोन दाखवून कुणी “असलंच करतेस ना गं?” म्हणालं की भाची दोन दिवस जेवत नाही.

वंशावळ म्हणाल तर फेल्टसमोर पैठणीनेसुद्धा वाकून नमस्कार करावा. सैबेरियात अल्ताई डोंगरात पाझिरिक नावाच्या ठिकाणी बर्फात गोठलेली थडगी सापडली. त्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे फेल्टचे पडदे निघाले, घोड्यांचे साज निघाले, आणि फेल्टचे, आत भरण घातलेले हंस निघाले. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत कुणीतरी रिकामा वेळ काढून हंस केला, आणि त्याच्याही आईने “याचा उपयोग काय?” असं विचारलंच असणार. युरोपात याचं श्रेय संत क्लेमेंटना देतात. ते पळ काढत असताना पायाला फोड येऊ नयेत म्हणून त्यांनी चपलेत लोकर कोंबली, आणि घामाने व चालीने तिचं फेल्ट झालं, अशी कथा आहे. टोपीवाल्यांचे ते संत. ज्या वस्तूचा उगम घामेजलेल्या पायात आहे तिला डोक्यावर मिरवायचं, हा साहेबाचा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

आपल्याकडे ही विद्या नव्हती असं मात्र कुणी समजू नये. घोंगडी विणलेली असते, तिला चिंचोक्यांची खळ लावतात, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच लोकरीचं, न विणता, पिंजून आणि रगडून केलेलं बुरणूस आपल्या आजोळच्या ओसरीवर पडलेलं असायचं. पिंजारी मंडळी ते करत. काश्मिरात आणि कच्छात नमदा करतात, तोच हा प्रकार. बुरणुसावर पाहुणा झोपला की सकाळी त्याच्या पाठीवर नकाशा उमटलेला असे, कारण दख्खनी मेंढीची लोकर मुळातच राकट. दख्खनच्या माळावर उन्हातान्हात चालणाऱ्या जनावराने मऊ का असावं? परिणाम असा, की आज अनेक ठिकाणी कातरणीचा खर्च निघत नाही म्हणून धनगर लोकर टाकून देतात, आणि पुण्यातल्या गच्चीवर टोपी होते ती ऑस्ट्रेलियातून आलेल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीची. भाचीने एकदा हट्टाने दख्खनी लोकरीची टोपी केली. दिसायला देखणी, काळीभोर. घालणारा गृहस्थ मात्र पाचच मिनिटांत दोन्ही हातांनी डोकं खाजवायला लागला. “गावाकडची आठवण आली,” एवढंच तो म्हणाला.

साहेबाने टोपीपायी जे केलं ते पाहता आपली खाज काहीच नव्हे. चांगल्या हॅटचं फेल्ट बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या केसांचं. तो युरोपात जवळजवळ संपला, तेव्हा साहेब त्याच्यामागे कॅनडात गेला. 1670 मध्ये स्थापन झालेली हडसन बे कंपनी मुख्यतः या केसाळ व्यापारावर उभी राहिली. पुढे रेशमी हॅटची फॅशन आली आणि बीव्हर थोडक्यात वाचला. एखादी जात केवळ फॅशन बदलल्यामुळे जगावी याचं हे दुर्मीळ उदाहरण. बीव्हरऐवजी वापरलेल्या सशाच्या केसांचं फेल्ट नीट धरत नसे, म्हणून ते केस पाऱ्याच्या नायट्रेटने धूत. त्याची वाफ कोंदट कारखान्यात कामगारांच्या नाकातोंडात जाई. हात थरथरत, जीभ अडखळे, माणूस बुजरा आणि चिडखोर होई. अमेरिकेतल्या डॅनबरी या टोप्यांच्या गावात त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. ‘अॅलिस’मधला चक्रम टोपीवाला 1865 मधला, पण टोपीवाले चक्रम असतात ही इंग्रजी म्हण त्याच्याही आधीची. अमेरिकेत फेल्टमधल्या पाऱ्यावर बंदी आली ती 1941 साली. तोवर लोक टोपीवाल्यांना हसत होते. टोप्या त्यांच्याच घालून.

बोलर हॅटची गोष्ट त्या मानाने हलकी आहे. 1849 मध्ये लंडनच्या लॉक अँड कंपनीकडे एक इंग्रज जमीनदार आला. त्याच्या शिकारखान्याचे राखणदार घोड्यावरून हिंडत आणि उंच हॅट फांद्यांना अडकून पडत. त्याला बुटकी आणि टणक टोपी हवी होती. बोलर बंधूंनी ती करून दिली. जमीनदाराने टोपी जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन पाहिला, ती चेपली नाही, तेव्हा पैसे दिले असं सांगतात. आपल्याकडे मडकं वाजवून घेतात, तशातलाच हा प्रकार. त्या टणकपणाचं गुपित होतं लाख. फेल्टला लाखेचं पाणी पाजून कडक करत, आणि जगातली बहुतेक लाख जाई हिंदुस्थानातून. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या आपल्या किड्यांनी तिकडे बँकवाल्यांची प्रतिष्ठा ताठ ठेवली होती! आणि इकडे येताना साहेब डोक्यावर जी सोला टोपी घाली ती भेंडाची. पूर्वी आपल्याकडे नवरदेवाची बाशिंगं याच भेंडाची होत. कलेक्टर दौऱ्यावर आला की तो बोहल्यावर निघाल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही, इतकंच.

आता अडचण अशी, की पुण्यात एप्रिलमध्ये फेल्टची टोपी घालायला माणसाची एक तर निष्ठा जबर हवी, नाहीतर तो नट हवा. मराठी माणूस एकाच जागी स्वखुशीने हॅट घालतो: महाबळेश्वरला. तिथे घोड्यावर बसायच्या आधी भाड्याने काउबॉय हॅट मिळते. ती घातली की बँकेतला हेडक्लार्कही हनुवटी वर करतो, एक डोळा बारीक करतो आणि पश्चिमेकडे बघतो. घोडा उभ्या जागी लीद टाकत असतो. बायको म्हणते, “अहो, हसा की!” पण काउबॉय हसत नाहीत हे त्याला पक्कं माहीत असतं. फोटो झाला, हॅट परत दिली, की तो लगेच घोड्याच्या दरावरून घासाघीस सुरू करतो. ही जादू त्या चार अंगुळं रुंद कडेची असते. माणसाच्या डोक्यात काय आहे याला फारसं महत्त्व नाही. डोक्यावर काय आहे त्यावरून तो स्वतःशी कसं वागायचं ते ठरवतो.

म्हणून भाचीचा खरा धंदा वेशभूषेचा. त्याचा हंगाम शाळा ठरवतात. रात्री नऊ वाजता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश येतो: ‘उद्या सर्व मुलांनी आपल्या आवडीची भाजी बनून यावे.’ मुलांना आवडणाऱ्या भाज्या बटाटा सोडून नसतात, तेव्हा वर्गात पस्तीस बटाटे होऊ नयेत म्हणून बाई लगेच दुसरा संदेश पाठवतात आणि भाज्या वाटून देतात. सव्वानऊला भाचीचा फोन वाजायला लागतो. “ताई, पडवळ मिळेल का हो?” पडवळाचा पोशाख करायला सोपा, पण त्यातला मुलगा बसू शकत नाही. कोबीला पानं एकावर एक लावावी लागतात, आणि कोबी झालेलं मूल शाळेच्या रिक्षाच्या दारातून आत जात नाही. एका आईला वांगं हवं होतं. भाचीने रात्र जागून जांभळ्या फेल्टचं, वर हिरव्या देठाची टोपी असलेलं झकास वांगं केलं. सकाळी घेऊन जाताना आई म्हणाली, “सुरेख झालंय हो. फक्त आम्हाला भरताचं हवं होतं, हे भरल्या वांग्याचं वाटतं.”

फेब्रुवारीत जिरेटोप. पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर मखमल, कडेला जर, मोत्यांची लड. 19 तारीख जवळ आली की खोलीतल्या सगळ्या लाकडी डोक्यांवर जिरेटोप चढतात आणि एकाच वेळी इतके महाराज फळीवर बसलेले पाहून मी आपोआप पायातल्या चपला बाहेर काढतो. या दिवसांत गिऱ्हाईक पैशांवरून घासाघीस करत नाही. मात्र पोरगं जिरेटोप घालताच तलवार मागतं, आणि तलवार मिळाली की आधी धाकट्या बहिणीवर स्वारी होते. आषाढीला तोच पोरगा टाळ घेऊन वारकरी होतो, ऑगस्टमध्ये पंचा नेसून गांधीजी. सहा महिन्यांत मुलाचा तलवारीकडून अहिंसेकडे असा सगळा प्रवास होतो, आणि त्याचा खर्च आईवडिलांच्या अंगावर पडतो.

मोठ्यांचं वेगळं नाही. लग्नात फेटेवाला बसलेला असतो. तो एका हाताने मांडीवर पीळ घालत, दुसऱ्याने डोकं वळवत, बघता बघता एक मामा उडवतो आणि दुसऱ्याला हाक मारतो. फेटा बांधून उठलेला मामा आणि बसलेला मामा यांच्यात काही नातं राहत नाही. उठलेला मामा पाठीत ताठ असतो, मिशा नसल्या तरी त्यांवरून हात फिरवतो आणि कॅटरिंगवाल्याला “अहो” न म्हणता “काय रे” म्हणतो. पुणेरी पगडीला तर 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती बांधलेली तयारच असते, सत्काराला डोक्यावर ठेवतात आणि टाळ्या संपायच्या आत सत्कारमूर्ती ती काढून मांडीवर घेतात, कारण ती हमखास दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची असते. गावात पगडबंद असतात, प्रमुख पाहुणेही महिनाभर आधी ठरलेले असतात, पण पाहुण्यांच्या डोक्याचं माप मागवावं असं अजून एकाही कार्यकारिणीच्या बैठकीत कुणाला सुचलेलं नाही.

नाटकाच्या जगात कपडेपट सांभाळणारा माणूस असतो, तो यातलं सगळं जाणून असतो. ‘तो मी नव्हेच’ 1962 मध्ये आलं. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर बघता बघता लखोबा लोखंडे, दाजीशास्त्री, कॅप्टन परांजपे आणि राधेश्याम महाराज होत. नाटकातलं कोर्ट गोंधळून जाई. त्या गोंधळात विंगेतल्या, हातात पुढचा कोट आणि दातांत सेफ्टी पिन धरून उभ्या असलेल्या माणसाचा वाटा किती, हे कोर्टाने कधी विचारलं नाही. भानू अथैया कोल्हापूरच्या, मूळच्या राजोपाध्ये. ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. बॅरिस्टरचा सूट, काठियावाडी पागोटं, मग टोपी, मग नुसता पंचा असा एका माणसाचा प्रवास त्यांनी कपड्यांतून उभा केला. चित्रपटाच्या शेवटी नायकाच्या अंगावर जवळपास काहीच उरत नाही आणि तरी वेशभूषेचं बक्षीस मिळतं, हे त्या कामाचं अवघडपण. आपल्या मागे हे ऑस्कर नीट सांभाळलं जावं म्हणून 2012 मध्ये त्यांनी ते अकादमीलाच परत देऊन टाकलं. त्यांचा निर्णय मला अत्यंत व्यवहारी वाटतो. आपल्याकडे ते कुठल्याशा कपाटात, ‘2014 वार्षिक अहवाल’ असं लिहिलेल्या खोक्यामागे सापडलं असतं.

भाचीची गिऱ्हाइकं मात्र ऑस्करवाली नव्हेत, एकांकिकावाली. एका संध्याकाळी दाढीवाला, झोळीवाला एक दिग्दर्शक आला. एकांकिका रॅडक्लिफवर. त्याआधी कधी हिंदुस्थान न पाहिलेला हा वकील 1947 मध्ये इथे आला आणि पाच आठवड्यांत देशाच्या नकाशावर रेघ ओढून गेला. पात्रं दोन: रॅडक्लिफ आणि त्याचा सेक्रेटरी. दोघांना बोलर हॅट हव्या. भाचीने किंमत सांगितली. दिग्दर्शकाने बराच वेळ पंख्याकडे पाहिलं.

“ताई, प्रेक्षकांना पुढचा भागच दिसतो ना?”

“मग?”

“मग पुढचाच केला तर? अर्ध्या पैशात?”

भाचीने त्याला फेल्ट समजावून सांगितलं. हे वीटकाम नाही, अर्ध्यावर थांबवता येत नाही, खवले, तंतू, गर्दी, सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बरोबर. मग एक अख्खी करू. आणि मधून कापू.”

बोलर हॅट पुढून मागून जवळपास सारखीच दिसते, हे कबूल करायला हवं. आठवडाभर रगडून, वाफवून, लाख पाजून केलेली टोपी भाचीने डोळे मिटून कात्रीने एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कापली. पुढचा तुकडा रॅडक्लिफला, मागचा उलटा फिरवून सेक्रेटरीला. मागून काळं इलॅस्टिक. दोघांना ताकीद दिली: काहीही झालं तरी प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही. तालमींत सगळं सुरळीत झालं. दोघं रंगमंचावरून आडवे आडवे, खेकड्यांच्या चालीने आत-बाहेर करत होते, आणि ती त्यांची शैली आहे असं समजून नव्या पोरांनीही तशीच चाल धरली.

स्पर्धेच्या दिवशी रॅडक्लिफ भूमिकेत शिरला. शेवटच्या क्षणी त्याच्या हातातली पेन्सिल थरथरली, डोळे भरून आले आणि तो गर्रकन वळून मागच्या नकाशासमोर उभा राहिला. थिएटरला दिसलं ते डोक्याच्या मागच्या बाजूचं विस्कटलेलं केसाळ जंगल आणि त्यावर ताणलेलं इलॅस्टिक. सेक्रेटरी त्याला सावरायला धावला आणि तोही वळला. क्षणभर शांतता. मग टाळ्या, त्या थांबेनात.

परीक्षक बोलायला उठले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. रेघ ओढणाऱ्यांच्या डोक्यावरची प्रतिष्ठासुद्धा अर्धीच, आणि तीही समोरून बघणाऱ्यांपुरती, हे प्रतीक आपल्याला गेल्या कित्येक वर्षांत पाहायला मिळालं नव्हतं, असं ते म्हणाले. “ही कल्पना कुणाची?”

“प्रक्रियेतून येत गेली सर,” दिग्दर्शक म्हणाला.

दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं. वेशभूषेचं दुसऱ्या कॉलेजला गेलं. त्यांनी भाड्याने पूर्ण टोप्या आणल्या होत्या.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. भाचीने स्पीकरवर टाकला होता. अभिनंदन, आभार, उरलेले पैसे पुढच्या महिन्यात नक्की वगैरे झाल्यावर तो म्हणाला, “ताई, यंदा गोलमेज परिषद करतोय. पात्रं सहा आहेत. टोपी एकच लागेल.”